त्या मुलीची आई

विनोदी मालिका पाहून माणसाने गंभीर होऊ नये, असा एक अलिखित संकेत आहे. दिवसभर कचेरीत नस्त्या उपसाव्यात, संध्याकाळी घरी येऊन चहाचा पेला हाती घ्यावा, पडद्यावर चार माणसांची गंमत पाहावी आणि झोपी जावे; अशा मालिकांची आपल्याकडून याहून अधिक अपेक्षा नसते. गेल्या पावसाळ्यात हा संकेत आमच्या घरी मोडला गेला. मोडला तो मी नव्हे; माझ्या आईने, आणि तोही एका साध्या प्रश्नाने.

केंद्र सरकारच्या चाकरीत लिपिक म्हणून मी सध्या शिलाँगला असतो. येथील पाऊस कचेरीच्या वेळा पाळत नाही. त्याला रविवारही नसतो. पण इतर सर्वांना मात्र रविवार असतो. त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद, रस्ते सामसूम आणि टेकड्या-टेकड्यांवरून चर्चच्या घंटांचा नाद. अशा गावी वाईची एक निवृत्त शिक्षिका येऊन राहिली आहे. ती माझी आई. कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती यांच्या सान्निध्यात जिचे आयुष्य गेले, ती आता खिडकीशी बसून पाइनच्या झाडांवरून उतरणारे धुके पाहत असते.

ती येथे हौसेने आलेली नाही. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझी धाकटी बहीण गेली. एकोणतीस वर्षांची होती. मी तेव्हा भुवनेश्वरला होतो. रजा मंजूर होईपर्यंत आणि प्रवासाची सोय लागेपर्यंत सारे आटोपले होते. तिचे अंत्यदर्शन मी हातातल्या फोनच्या पडद्यावर घेतले. चित्र मध्येच गोठे, मध्येच पुढे सरके. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांपैकी किती जणांना त्या वर्षी असेच दर्शन घ्यावे लागले असेल! वडील आधीच गेले होते. पुढे माझी बदली शिलाँगला झाली, तेव्हा वाईच्या घराला कुलूप लावून आई माझ्याबरोबर निघाली. देव तिने बरोबर आणले. मात्र पूजा आणली नाही.

हे वाक्य मी विचारपूर्वक लिहीत आहे. आमचे देव येथे एका फळीवर नीट मांडलेले आहेत. आई त्यांच्यावरची धूळ पुसते. सणावाराला माझी पत्नी त्यांच्यापुढे दिवा लावते, तेव्हा आई उठून जात नाही आणि पुढेही येत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षे स्नानानंतर देवापुढे दिवा लावल्यावाचून चहा घेतला नाही, ती आता उठल्याबरोबर चहा घेते. कोणावर तिचा राग नाही. तिने देवाशी भांडण केले असते, तर मला बरे वाटले असते. भांडणात निदान संबंध असतो.

मी स्वतः फारसा देवभक्त नाही. पण आईची श्रद्धा हा आमच्या घराचा एक खांब होता, आणि तो पुन्हा उभा करणे हे माझे कर्तव्य आहे, असे मला वाटू लागले. मी तिला गीतेचा दुसरा अध्याय वाचून दाखवला. आत्मा मरत नाही, वस्त्रासारखे देह तेवढे बदलतात, हे सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे मी शाळेत मुलांना शिकवत होते रे." मी गप्प बसलो. पण माझा प्रयत्न थांबला नाही. कचेरीत एका मुद्द्यावर शेरा प्रतिकूल आला, तर दुसरा मुद्दा काढून टिपणी पुन्हा सादर करायची, ही सवय हाडीमासी मुरलेली. चार वर्षे मी आईपुढे टिपण्या सादर करीत राहिलो.

आता त्या मालिकेकडे वळतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला 'यंग शेल्डन' या अमेरिकन मालिकेचा नाद लागला होता. २०१७ ते २०२४ या काळात तिचे सात हंगाम झाले. टेक्सासमधल्या एका लहान गावात १९८९ च्या सुमारास राहणारे कूपर कुटुंब तिच्यात आहे. बाप फुटबॉलचा शिक्षक, थोरला मुलगा यथातथा, आणि जुळ्यांची एक जोडी. त्या जोडीतली मुलगी मिसी व्यवहारचतुर. मुलगा शेल्डन विलक्षण बुद्धिमान. नवव्या वर्षी तो थोरल्या भावाबरोबर हायस्कुलात जाऊन बसतो आणि शिक्षकांच्या चुका दाखवतो. जगाकडे तो गणित सोडवावे तसे पाहतो. ज्याचा पुरावा नाही ते त्याला मान्य नाही. अर्थात देवही मान्य नाही. आणि त्याची आई मेरी मात्र कट्टर बाप्टिस्ट. जेवणापूर्वी सर्वांनी एकमेकांचे हात धरून प्रार्थना करावी, हा तिचा दंडक. मुलगा हात धरतो, पण जंतूंच्या भीतीने आधी हातमोजे चढवतो. ते दृश्य पाहून माझी आई पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. "याचं सोवळं आपल्या आजीपेक्षा कडक आहे," असे ती म्हणाली. तेव्हापासून तीही आमच्याबरोबर बसू लागली.

इंग्रजी तिला वाचता येते. पण टेक्सासचे उच्चार तिच्या कानाला परके. म्हणून मी तिच्या शेजारी बसून वाक्या-वाक्याचे मराठी करून सांगे. मेरी तिला आवडे. "बाई आपल्यातली आहे. देव वेगळा, काळजी तीच," असा तिचा अभिप्राय.

त्या संध्याकाळी जो भाग लागला, तो मूळचा २०१८ च्या ऑक्टोबरातला. श्रद्धेवरचे संकट आणि आठ पायांचे परग्रहवासी, अशा अर्थाचे त्याचे चमत्कारिक नाव. नावावरून मी बेसावध राहिलो. कथा सुरू झाली आणि कळले की, कूपर कुटुंबाच्या ओळखीच्या घरातली एक तरुण मुलगी अपघातात गेली आहे. मेरी हादरते. देवावर इतका भरवसा ठेवणाऱ्या माणसांच्या घरी असे का व्हावे, हा प्रश्न तिचा पाठलाग करू लागतो. धर्मगुरूंच्या समजुतीच्या शब्दांनी तिचे समाधान होत नाही. जिच्या श्रद्धेवर सारे घर उभे होते, तीच ढासळते. आणि मग जे एरवी तिच्या देवधर्माला कंटाळलेले असतात, तेही कावरेबावरे होतात.

भाषांतर करता करता माझी जीभ जड झाली. मूळ इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावे? विश्वास म्हणावे, तर तो माणसांवरही असतो. श्रद्धा म्हणावे, तर तो शब्द व्याख्यानातला वाटतो. शेवटी मी म्हणालो, "तिचा भाव उडालाय." आई पडद्यावरची दृष्टी न काढता म्हणाली, "कळलं."

मालिका बंद करावी, असे मनात आले. पण धीर झाला नाही. एव्हाना तो लहानगा नास्तिक आईची समजूत घालायला तिच्याजवळ येऊन बसला होता. तो जे सांगतो त्याचा आशय असा: गुरुत्वाकर्षण किंचित अधिक असते, तर विश्व कोसळून त्याचा गोळा झाला असता, किंचित कमी असते, तर सारे विखरून गेले असते आणि तारे, ग्रह काहीच घडले नसते. जितके असायला हवे, नेमके तितकेच ते आहे. हे सारे आपोआप जुळून येण्याचा संभव तो कितीसा?

हा मुद्दा लेखकाने मुलाच्या तोंडी घातलेली केवळ गंमत नव्हे. शास्त्रज्ञांनी त्यावर पुष्कळ विचार केलेला आहे. आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये असे अनुमान केले की, ताऱ्यांच्या पोटात कार्बन तयार व्हायचा, तर त्याच्या अणुगर्भाला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना येथील प्रयोगशाळेत शोध घेतला, तेव्हा ती तेथे सापडली. ती तशी नसती, तर कार्बन पुरेसा झाला नसता, आणि ही टिपणी लिहायला कोणी लिपिकही जन्मला नसता. हॉइल देवभोळे नव्हते. तरी पुढे १९८१ मध्ये त्यांनीच लिहिले की, वस्तुस्थितीकडे साध्या समजुतीने पाहिले, तर कोण्या महाबुद्धीने पदार्थविज्ञानाच्या नियमांत हात घातला असावा असे वाटते. हे सारे मी आईला उत्साहाने सांगितले. नारळीकरांची पुस्तके आमच्या वाईच्या घरी होती. मे २०२५ मध्ये ते निवर्तल्याचे वृत्त आले, तेव्हा तिने त्यांपैकी एक पुन्हा काढायला सांगितले होते. मला वाटले, चला, चार वर्षांनी एक मुद्दा बिनतोड सापडला.

तेवढ्यात पडद्यावरच्या मेरीने माझ्या मुद्द्याचा निकाल लावला. तू स्वतः देव मानत नाहीस, मग मला का पटवतोस, असे तिने मुलाला विचारले. तो म्हणाला, मानत नाही, पण विश्वाची ही काटेकोर मांडणी पाहता कर्ता असावा असे म्हणणे तर्कशुद्ध आहे. त्यावर मेरीने आधी कपाळाकडे हात नेला आणि मग छातीकडे. तर्क येथला, आणि माझे दुखणे येथले. मी भाषांतर करायला तोंड उघडले. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवले. ते तिला मराठीत सांगण्याची गरज नव्हती.

मग तो मुलगा क्षणभर थांबतो आणि म्हणतो की, या पृथ्वीवर पाच अब्ज माणसे आहेत, आणि त्यांत नेमकी तू, माझ्यासाठी सर्वांत योग्य अशी आई, मला मिळालीस. याचा संभव किती? मेरी त्याला पोटाशी धरते. तिचा देव तिला परत मिळतो.

माझे डोळे भरून आले, हे कबूल करतो. १९८७ मध्ये जगाची लोकसंख्या पाच अब्जांवर गेली होती, म्हणजे मुलाचा आकडा बरोबर आहे, असली निरर्थक पडताळणी मी मनातल्या मनात करीत होतो. रडू आवरण्याचा तो एक उपाय असतो. माझी मुलगी आजीला बिलगली. आई म्हणाली, "मुक्ताईसारखा बोलला रे पोरगा." ज्ञानदेव रुसून ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभी राहून त्यांची समजूत घालणारी धाकटी बहीण तिला आठवली. तिच्या मुखातून कितीतरी वर्षांनी संतांचे नाव निघाले होते. मला धन्य वाटले.

आणि मग, दूरदर्शन संच बंद करून मी उठलो असता, तिने विचारले, "अरे, पण त्या मुलीच्या आईचं पुढं काय झालं?"

मी म्हणालो, "कोणत्या मुलीच्या?"

"जी गेली तिच्या. तिला कोण सांगणार, तूच माझी योग्य आई म्हणून?"

मजजवळ उत्तर नव्हते. त्या भागाचा शेवट कूपरांच्या घरी होतो. ती आई त्या शेवटात कोठेच नाही. जाहिराती वगळता वीसएक मिनिटांत ज्याला सारे जागच्या जागी आणून ठेवायचे असते, त्याला त्या दारी जाणे परवडणार नाही, हे मी समजू शकतो. लेखकांना मी दोष देत नाही. उलट, नास्तिक मुलाच्या तोंडून त्यांनी जे साधले, ते पुष्कळ प्रवचनकारांना साधत नाही. स्वतःचे मत क्षणभर बाजूला ठेवून तो मुलगा आईच्या दुखण्यापाशी येऊन बसतो. आपण जिंकावे ही त्याची इच्छा नसते. तिला बरे वाटावे एवढीच असते. परंतु आईचा प्रश्न खरा होता. मेरीला देव मिळाला तो मांडीवर जिवंत मूल होते म्हणून. जिची मांडी रिकामी झाली, तिने कोणता हिशेब मांडावा? ज्या संभवाच्या आधारे एकीचे मूल तिच्याजवळ राहिले, त्याच संभवाने दुसरीचे नेले. गणित दोघींना एकच आहे; नफा मात्र एकीच्या पदरी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चार वर्षे मी शेल्डनच्या पहिल्या युक्तिवादापाशीच अडून बसलो होतो. कधी गीता, कधी विज्ञान, सारे कपाळापाशी. दुसरा युक्तिवादही मी एकदा करून पाहिला होता. २०२१ मध्ये, वाईला पोहोचलो त्या दिवशी, मी तिला म्हणालो होतो, "आई, मी आहे ना." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. आज कळते की, त्या वेळी मी तिची समजूत घालीत नव्हतो. तीच माझी घालीत होती.

पुढच्याच रविवारची गोष्ट. आमची घरमालकीण खाशी आहे. येथे वडीलधाऱ्या स्त्रीला आदराने 'कॉंग' म्हणतात. आम्हीही तिला कॉंगच म्हणतो. ती प्रेस्बिटेरियन, रविवारचे चर्च चुकवत नाही. खाशी कुटुंबात वंश आईकडून चालतो, आणि सर्वांत धाकटी मुलगी वडिलोपार्जित घर व आईबाप सांभाळते. कॉंगही घरची धाकटी. तिची वृद्ध आई खालच्या मजल्यावर तिच्याजवळच राहते. त्या दुपारी चर्चहून परतताना पाऊस आला म्हणून ती आमच्याकडे थांबली. आईचे हिंदी पाठ्यपुस्तकातले, कॉंगचे बाजारातले. तरी दोघींचे बरे जमते. बोलता बोलता कॉंगने विचारले, तुम्हांला मुले किती?

हा प्रश्न परक्याने विचारला की, आई नेहमी 'एक मुलगा' असे सांगते. पुढचे प्रश्न टळतात. त्या दिवशी ती म्हणाली, "दो." मी चमकून पाहिले. "छोटी बेटी थी. नहीं रही."

"सबसे छोटी?" कॉंगने विचारले. आईने मान हलवली.

धाकटी मुलगी म्हणजे काय, हे त्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. कॉंग पुढे काही बोलली नाही. देवाची इच्छा म्हणाली नाही. त्याच्या योजना आपल्याला कळत नाहीत, असेही म्हणाली नाही. तिने पिशवीतून क्वाय काढले. क्वाय म्हणजे ओली सुपारी, विड्याचे पान आणि चुना. खाशी घरात पाहुण्यापुढे ते प्रथम ठेवतात. एक फोड तिने आईच्या हातावर ठेवली, एक स्वतः तोंडात टाकली. दोघी कितीतरी वेळ खिडकीबाहेर पाहत बसल्या. मग कॉंग सहज सांगावे तसे म्हणाली की, कोणी गेले म्हणजे आमच्यात म्हणतात, ते देवाच्या घरी क्वाय खात बसले आहे.

आईने ते मला दोनदा विचारून घेतले. मी पुन्हा सांगितले, "देवाच्या घरी सुपारी खात बसलंय, असं म्हणतात." ती म्हणाली, "पाहुणी म्हणून गेली म्हणायची." आणि ती रडली. बहीण गेल्यापासून मी तिला असे रडताना पाहिले नव्हते. कॉंग उठली नाही. पाऊस थांबल्यावरही पुष्कळ वेळाने ती गेली.

मी या प्रसंगातून काही सिद्ध करू इच्छीत नाही. कॉंगचे म्हणणे शेल्डनच्या तर्कापुढे एक क्षणही टिकणार नाही. पण त्या मुलाच्या समजुतीत जी त्रुटी आईला दिसली, ती या बोलण्यात नव्हती. येथे गेलेल्या मुलीला जागा होती. मेरीच्या मुलाने जिवंतांची गणती केली. या खाशी बाईने न उरलेलीलाही गणतीत धरले, पाहुणचाराला बसवले. आईला बहुधा देवाविषयी कोणतीच शंका फेडून घ्यायची नव्हती. 'दो' म्हणण्याची मुभा तेवढी हवी होती, आणि ते ऐकून घेऊन जवळ बसून राहणारे माणूस हवे होते.

त्या संध्याकाळी देवांची फळी पुसताना आईने ओल्या सुपारीची एक फोड त्यांच्यासमोर ठेवली. आमच्याकडे सुपारी ही गणपतीची जागा घेते, हे आपण सर्व जाणतोच. पण ती तिने गणपती म्हणून ठेवली नसावी. दिवा लावला नाही. मला विचारावेसे वाटले, "लावू का?" पण विचारले नाही. प्रत्येक नस्ती निकालात काढलीच पाहिजे असे नाही, हे मला आता उमगू लागले आहे. काही नस्त्या उघड्याच ठेवाव्या लागतात, आणि त्यांच्याजवळ नुसते बसावे लागते.

मालिकेचे पुढचे भाग आम्ही अजून पाहतो. मेरी पूर्वीसारखी प्रार्थना करते, मुलगा पूर्वीसारखे हातमोजे घालतो, आणि माझी आई पूर्वीसारखी हसते. दर आठ-पंधरा दिवसांनी फळीवरची फोड सुकते. ती काढून आई नवी ठेवते. ती आणण्यासाठी आता ती स्वतःच छत्री घेऊन जिना उतरते, आणि परत यायला तिला तासभर लागतो.